अख्खा पक्षी गॅसवर भाजताना



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. टर्की नावाचा सहा किलोचा पक्षी, तो अख्खाच्या अख्खा गॅसच्या ग्रीलवर कसा भाजायचा! मंठ्यात टर्की कोण भाजतंय, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण आपल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना परदेशात आहेत, आणि इथंही शेतावर, गच्चीवर अख्खी कोंबडी भाजायची हौस पोरांना लागलीच आहे. पक्षी लहान असो की मोठा, चूक एकच होते. वरून लालबुंद आणि आत कच्चा.

मी पाहिलंय ते सांगते. लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत गेले होते, तिला आठवा महिना होता. तिथं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो, आपल्या दिवाळीसारखी सगळी माणसं घरी जमतात आणि जेवणात टर्की हवीच. जावयांनी अंगणातल्या ग्रीलवर ती चढवली. दीड तासात असा सुंदर रंग आला की शेजारीपाजारी बघून गेले. "आई, झालं बघा!" म्हणाले. मी म्हटलं, जावईबापू, जरा मांडीजवळ सुरी घालून बघू या. घातली, तर हाडापाशी गुलाबी मांस आणि लालसर पाणी. लेक ताट घेऊन उभी होती. पोटुशी बाई ती, तिनं तो घास खाल्ला असता तर, या विचारानं माझे हातपाय गार पडले.

चुकलं कुठं? त्यांनी सगळे बर्नर पेटवून पक्षी थेट जाळावर ठेवला होता. आता रोडगे आठवा. रोडगे आपण धडाडत्या जाळात टाकतो का? गोवऱ्यांचा जाळ बसू देतो, आर पडला की मग टाकतो. जाळात टाकला तर रोडगा वरून कोळसा आणि आत पीठ. टर्कीचंही तेच आहे. तिला चटका नको, सगळ्या बाजूंनी ऊब हवी.

गॅस ग्रील म्हणजे झाकणाची मोठी लोखंडी पेटी. तळाला तीन-चार बर्नर, वर जाळी, बाजूला सिलिंडर. कडेचे बर्नर पेटवायचे, मधला बंद ठेवायचा. पक्षी मधे, बंद बर्नरच्या वर, आणि त्याच्याखाली पसरट ट्रे, म्हणजे गळणारी चरबी आगीवर पडून भडका होत नाही. झाकण लावलं की तीच पेटी भट्टी होते. आतली उष्णता १६५ ते १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहायला हवी, झाकणावर काटा असतो. सहा किलोला साधारण तीन तास धरा. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायची आपल्याला खोड असते, ती सोडा. उघडलं की ऊब निघून जाते आणि वेळ वाढतो. छातीचं मांस मांडीच्या आधी शिजतं आणि कोरडं पडतं, म्हणून छाती फार लाल दिसू लागली की तिच्यावर ॲल्युमिनियमचा कागद टाकायचा.

खरं काम मात्र तीन दिवस आधीच सुरू होतं. तिकडं टर्की बर्फासारखी गोठलेली मिळते. ती ओट्यावर उघडी ठेवून वितळवायची नाही. वरचं मांस गरम होऊन त्यात जंतू वाढतात आणि आत बर्फ तसाच राहतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, परातीत ठेवून, दर दोन किलोला एक दिवस द्यायचा. आदल्या दिवशी मीठ चोळायचं. आम्ही दुसऱ्या वर्षी कातडीखाली बोटं घालून आलं-लसूण, हळद, लोणी आणि मी नेलेला येसर मसाला भरला. तिकडचे लोक बोटं चाटत होते. पोटात मात्र भात, पाव असलं काही ठासून भरू नका, आतपर्यंत ऊब पोचायला फार वेळ लागतो. अर्धं लिंबू, एखादा कांदा पुरे.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवायचं नाही. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो. मांडीच्या आतल्या बाजूला, जाडजूड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा आणि छातीतही बघायचं. दोन्हीकडं ७४ अंश दाखवले की झालं. (तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो ४२ अंशांच्या पुढं जातच नाही. हसू नका, एकीनं विचारलं होतं.) तुम्हाला आठवत असेल, जानेवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या, तेव्हा सगळ्यांनी चिकन सोडलं होतं. पूर्ण शिजलेल्या मांसात तो विषाणू जगत नाही. पोट बिघडवणारा साल्मोनेलाही तसाच मरतो. पण "पूर्ण" म्हणजे हाडापर्यंत. आणि कच्चं मांस नळाखाली धूत बसू नका, शिंतोडे उडून जंतू ओटाभर होतात. त्या सुरीनं कोशिंबीर चिरू नका.

गॅसचं दोन शब्दांत सांगते, पण हे विसरू नका. ग्रील पेटवताना झाकण उघडं हवं. बंद झाकणात गॅस साठतो आणि ठिणगी पडली की तोंडावर भडका येतो. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. ग्रील कायम उघड्या अंगणात, पाऊस आला म्हणून पडवीत किंवा बंद गॅलरीत ओढायचं नाही, तिथं कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

आता आपल्या घरचं. ग्रील नसलं तरी सव्वा-दीड किलोची ब्रॉयलर कोंबडी जाड बुडाच्या पातेल्यात होते. दुकानदाराला कातडी ठेवायला सांगा. तळाला स्टँड, थोडंसं पाणी, त्यावर कोंबडी, घट्ट झाकण, मंद आच, तास-सव्वा तास. शेवटी तव्यावर तूप घालून लाली आणा. गावरान कोंबडीच्या मात्र या फंदात पडू नका. मोठी झालेली गावरान भाजली की चामडं होते, तिचा रस्साच करावा.

जाता जाता एक गंमत. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा, पण १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहाकडं नेला होता आणि त्याच्या दरबारातल्या मन्सूरनं त्याचं चित्र काढलं. तुर्कस्तानात त्याला म्हणतात "हिंदी", आणि पोर्तुगीज भाषेत "पेरू"!

ग्रीलवरून उतरवल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या, मग कापा, नाहीतर सगळा रस परातीत जातो. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. हाडं टाकू नका. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं पाणी काढून काळ्या मसाल्याचा रस्सा केला, भाकरीसोबत. जावई म्हणाले, "आई, हे कालच्यापेक्षा चांगलं आहे."