अपिलाआधीची परवानगी

अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयाने दोषी ठरविलेल्या कैद्याचा, कायद्याच्या 28व्या शीर्षकातील कलम 2255 खाली शिक्षा रद्द करण्याविषयीचा अर्ज फेटाळला गेला, की 'आता वरच्या कोर्टात खटला पुन्हा चालेल' असे सुज्ञ वाचकही सहज बोलून जातो. वस्तुतः तेथे खटला पुन्हा चालत नाही, इतकेच नव्हे तर अपीलही आपोआप दाखल करून घेतले जात नाही. हा अर्ज मुळी शिक्षा देणाऱ्या न्यायालयातच, बहुधा त्याच न्यायाधीशापुढे जातो, आणि तो नामंजूर करताना अपिलयोग्यतेचा दाखला द्यावयाचा की नाही हेही त्यालाच ठरवावे लागते. ज्याच्या हुकुमाविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच आधी इजाजत! त्याने ती नाकारल्यास मात्र अपील-न्यायालयाकडे मागता येते.

दाखल्यासाठी जिंकण्याजोगी बाजू मांडावी लागते, ही समजूत तर काही न्यायाधीशांचीही होती. 1996च्या कायद्याप्रमाणे घटनात्मक हक्क डावलला गेल्याचे सकृद्दर्शनी भरीव कारण दाखवावे लागते, एवढेच. टेक्सासमधील एका देहदंडाच्या खटल्यात (कैदी राज्याचा होता, पण दाखल्याची कसोटी हीच) आरोपीच्याच वकिलाने बोलावलेल्या तज्ज्ञाने, कृष्णवर्णीय असण्याने पुढील हिंसेची शक्यता वाढते, असे मत ज्यूरीपुढे मांडले होते. अपील-न्यायालयाने उंबऱ्यावरच गुणदोषांचा निवाडा करून दाखला नाकारला, तेव्हा 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला बजावले की, विवेकी न्यायविदांना हा मुद्दा वादास योग्य वाटेल काय, एवढेच तेथे पाहावयाचे असते.

सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा घटनात्मक हक्क या टप्प्यावर नाही, म्हणून पुष्कळ कैदी आपला मसुदा स्वतःच लिहितात. दुसरा अर्ज करण्याची वाटही फार अरुंद आहे. 2023च्या एका निकालाने ती आणखी आवळली.

राहिली मुदत. फौजदारी अपिलाचे 14 दिवस येथे लागू नाहीत; पक्षकार सरकार असल्याने अपिलाच्या नोटिशीला 60 दिवस मिळतात. शिवाय कैद्याला कोर्टाच्या कारकुनापर्यंत चालत जाता येत नाही, हे ओळखून 1988पासून असा नियम आहे की, (आता टपालहशील भरल्याचे दिनांकित निवेदन जोडून) त्याने पाकीट तुरुंगातील टपाल घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती दिले की नोटीस त्याच दिवशी दाखल झाली; मग ते कोर्टात आठवड्याने पोहोचो.