सिग्नलला थांबलेलं शर्यतीचं बीड

मूर्सव्हिलच्या त्या मशीन शॉपमध्ये शिरलो आणि पहिल्या श्वासात कोल्हापूरचं उद्यमनगर आठवलं. तोच गार बिडाचा, कूलंटचा वास. नॉर्थ कॅरोलायनातल्या या गावात आणि आसपास नॅसकारच्या कितीतरी संघांचे कारखाने आहेत. शर्यतीतून निवृत्त झालेले इंजिन ब्लॉक तिथून विकायला निघतात. माझ्या शेजाऱ्यानं असाच एक शेवरले स्मॉल ब्लॉक घेतला होता, त्याच्या 1969 च्या कमॅरोसाठी. पाच शनिवार मी त्याच्यासोबत तिथे जात होतो.

आधी तड्यांचा शोध. मशीनिस्टनं ब्लॉकवर विद्युतचुंबक टेकवून लोखंडाची बारीक भुकटी फुंकली. तडा असेल तिथे भुकटी रेघ धरते. रेघ उमटली नाही. मग अल्ट्रासॉनिक प्रोब घेऊन तो प्रत्येक बोअरची भिंत चारही अंगांनी, वर-मध्ये-खाली मोजत गेला आणि आकडे खडूनं तिथेच लिहीत गेला. ओतताना साच्यातला कोअर जरासा सरकला, तरी भिंत एका बाजूला जाड नि दुसऱ्या बाजूला पातळ होते. हे दुखणं आमच्या शिरोलीच्या फाउंड्र्यांनाही चांगलं माहीत आहे. इथे आकडे जवळजवळ सारखे होते. शर्यतीच्या ब्लॉकचे जास्तीचे पैसे इथे वसूल होतात.

मला सर्वांत आवडलं ते होनिंग. बोअर घासण्याआधी त्यानं हेडच्या जागी पोलादाची जाडजूड प्लेट बसवली आणि हेडचे बोल्ट जेवढे आवळायचे तेवढेच तिचे आवळले. बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो. तो वाकडा असतानाच गोल करून घ्यायचा, म्हणजे इंजिन जोडल्यावर गोल राहतो. काम झाल्यावर त्यानं प्लेट काढली आणि बोअर गेज माझ्या हातात दिला. मघाचा स्थिर काटा आता हलत होता. मोकळ्या ब्लॉकमध्ये बोअर वाकडा दिसणं हीच काम नीट झाल्याची खूण! मी तो गेज तीनदा फिरवून पाहिला.

खरी अडचण पाण्याची होती. या ब्लॉकचा बोअर 4.125 इंच, आणि शेजारच्या दोन बोअरच्या केंद्रांतलं अंतर 4.4 इंच. मध्ये उरतं जेमतेम 7 मिलिमीटर लोखंड. तिथून पाणी जातच नाही. शेवरलेनं 1970 मध्ये याच मापाच्या बोअरचं 400 घनइंची इंजिन रस्त्यावर आणलं, तेव्हा अडकलेली वाफ सुटावी म्हणून ब्लॉकला आणि हेडला बारीक भोकं ठेवली होती. आमच्याही हेडला ती पाडली. ट्रॅकवर गाडी पळते आणि वारा आपसूक रेडिएटरमधून घुसतो. सिग्नलला तो वारा नसतो, म्हणून मोठा रेडिएटर आणि दोन विजेचे पंखे आले.

तेलाचंही तसंच. मागच्या मेन कॅपवर नेहमीचा पंप बसवायला जागाच नव्हती. त्यामुळे ड्राय संप ठेवावा लागला: पट्ट्यावर चालणारा पंप बाहेर, तेलाची टाकी डिकीत. शेजाऱ्याला शर्यतीचा कॅमशाफ्टही हवा होता. मी कडाडून विरोध केला. हजार आरपीएमला धड न चालणारं इंजिन घेऊन दूध आणायला जाता येत नाही. शेवटी सौम्य कॅम आला, रिंगाही रस्त्याच्या ताणाच्या आल्या.

बीएमडब्ल्यूनं उलटी वाट धरली होती. नेल्सन पिके 1983 मध्ये ज्या दीड लिटर टर्बो इंजिनावर फॉर्म्युला वन जिंकला, त्याचा ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या सेडान गाड्यांच्या बिडाच्या ब्लॉकवरच बेतलेला होता. म्हणून बीड बीडच, असं मी मानतो. भोवतीचं पाणी, तेल, रिंगा आणि कॅम त्याला ट्रॅकचं किंवा रस्त्याचं करतात.

पाचव्या शनिवारी इंजिन सुरू केलं. गार असताना फोर्ज्ड पिस्टन टकटकत होते. त्यांना फुगायला जागा सोडावीच लागते. पाच मिनिटांत आवाज निवला. हायवे 77 च्या उतारावरच्या सिग्नलला आम्ही थांबलो. तापमानाचा काटा 190 फॅरनहाइट ओलांडून वर सरकू लागला. दोघंही गप्प. 200 ला पंखे घरघरले, काटा थबकला, मग हळूच मागे आला. सिग्नल हिरवा झालेला आम्हाला मागच्या गाडीच्या हॉर्ननं कळला.