ॲनिमेशन मध्येच तुटलं, तर ब्राउझर सांगतो का?

ब्राउझरवर प्रयोग घेणार असाल तर माझी ही चूक आधी वाचा.

माझ्या पायलट प्रयोगात धूसर चित्र 2 सेकंदांत हळूहळू स्पष्ट व्हायचं. ओळखलं की स्पेसबार दाबायचा, लगेच चित्र गायब. प्रत्येक फेरीची नोंद फाइलमध्ये लिहायचं काम मी 'ट्रान्झिशनएंड' या इव्हेंटवर सोपवलं होतं. ॲनिमेशन संपलं की नोंद होणार, असा साधा हिशोब.

डेटा उघडला तर बऱ्याच फेऱ्या गायब! आधी वाटलं, नेट गेलं असेल. मग लक्षात आलं, उरलेल्या एकाही नोंदीत वेळ 2 सेकंदांपेक्षा कमी नव्हती.

झालं काय होतं? बटण दाबल्यावर मी चित्राला 'डिस्प्ले: नन' लावत होतो. त्यामुळे चालू ट्रान्झिशन रद्द होतं, आणि रद्द झालेल्या ट्रान्झिशनसाठी ट्रान्झिशनएंड कधीच येत नाही. म्हणजे चित्र पटकन ओळखणारेच नेमके गळले. डेटा नुसता कमी झाला नव्हता, तो एका बाजूला झुकला होता. सरासरी काढली असती तर सगळेच मंद दिसले असते.

आता इव्हेंट नीट समजून घेऊ. ट्रान्झिशन तयार झालं की 'ट्रान्झिशनरन' येतो. डिले संपून बदल सुरू झाला की 'ट्रान्झिशनस्टार्ट'. पूर्ण झालं तर 'ट्रान्झिशनएंड', मध्येच तुटलं तर 'ट्रान्झिशनकॅन्सल'. डिले चालू असतानाच तुटलं तरी कॅन्सल येतो. त्यातला 'इलॅप्स्डटाइम' सांगतो, डिले संपल्यानंतर किती सेकंदांनी ते तुटलं. माउस नेला आणि लगेच काढला, तर अर्धवट ट्रान्झिशन रद्द होऊन उलटं नवं सुरू होतं, तिथेही कॅन्सल येतो. कीफ्रेम वापरत असाल तर त्याचा भाऊ 'ॲनिमेशनकॅन्सल'.

पण हे सगळ्या ब्राउझरमध्ये एकाच वेळी आलं नाही. ट्रान्झिशनकॅन्सल फायरफॉक्सच्या 53 व्या आवृत्तीत 2017 मध्ये आला. क्रोममध्ये मात्र तो 87 व्या आवृत्तीत, म्हणजे 2020 च्या नोव्हेंबरमध्ये. सफारीत 13.1 पासून, तेही 2020 मध्येच. ॲनिमेशनकॅन्सलचंही तसंच: फायरफॉक्स 54, क्रोम 83. आज अडचण फारशी नाही, पण सहभागी लोकांचे जुने फोन आपल्या हातात नसतात.

मग करायचं काय?

1. मुख्य मोजमाप ॲनिमेशनच्या इव्हेंटवर टांगू नका. बटण दाबलं त्याच क्षणी नोंद करा.
2. एंड आणि कॅन्सल दोन्ही ऐका, आणि फेरी 'पूर्ण' की 'तुटलेली' हे वेगळ्या रकान्यात लिहा.
3. प्रयोगाआधी एक छोटं ट्रान्झिशन मुद्दाम तोडून बघा. कॅन्सल आला नाही, तर टायमरचा पर्याय ठेवा.
4. दोन गुणधर्म एकत्र बदलत असतील तर प्रत्येकाचा इव्हेंट वेगळा येतो. एकच फेरी दोनदा मोजली जाऊ शकते.

आणि टॅबच बंद केला, तर एंडही नाही आणि कॅन्सलही नाही. म्हणून फेरी सुरू होतानाच एक ओळ लिहून ठेवा.

पायलट होता म्हणून मी वाचलो. डेटा गळाला की 'किती गळाला' एवढंच विचारू नका, 'कोणाचा गळाला' हेही विचारा.