बुद्धिबळाचा नवा आश्रयदाता

आमच्या आंबिवलीवरून जाणारा लोहमार्ग कसाऱ्याचा घाट चढून नाशिकास पोहोंचतो. त्या नाशकांतील श्री. विदित गुजराथी यांचें नांव हल्लीं आमच्या गांवच्या मुलांच्या तोंडीं वारंवार येतें. मुलें त्यांस ओळखतात तीं त्यांचे डाव पटावर मांडून नव्हे, तर यूट्यूबवर त्यांस खेळतांना व बोलतांना पाहून. मग घरोघर वडील मंडळींस प्रश्न पडतो कीं, बुद्धिबळ खेळून व तें लोकांस दाखवून संसार चालतो काय?

प्रश्न जुनाच आहे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें. त्या काळीं खेळाडूचें पोट राजाच्या मर्जीवर. धन्याची हौस सरली कीं पट गुंडाळावा. पुढें संस्थानें गेलीं आणि रेल्वेनें व सरकारी तेल कंपन्यांनीं खेळाडूंस नोकऱ्या दिल्या. आतां हजारों अनोळखी प्रेक्षक थोडाथोडा पैसा देऊन तोच भार उचलूं लागले आहेत.

तथापि क्रम ध्यानांत घ्यावा. विदित यांचा जन्म १९९४ चा. २००८ सालीं ते चौदा वर्षांखालील गटांत जगज्जेते झाले व २०१३ सालीं ग्रँडमास्टर. पडद्यावरील लोकप्रियता आली ती २०२० च्या टाळेबंदींत, विनोदी कलावंत समय रैना यांच्या संगतींत. त्याच वर्षीं त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें संगणकावर झालेल्या ऑलिंपियाडचें सुवर्णपदक रशियासह वांटून घेतलें.

इतकें बोलणारा खेळाडू एकाग्रता गमावील, ही शंका आमच्याही मनांत होती. परंतु २०२३ सालीं आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेंत पहिलाच डाव हरूनही विदित यांनीं अकरा डावांत साडेआठ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकाविला. पुढल्या वर्षीं टोरांटो येथें जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या स्पर्धेंत त्यांनीं अमेरिकेच्या नाकामुरा यांस दोनदां हरविलें. आणि हे नाकामुरा तर पडद्यावरील बुद्धिबळाचे बिनीचे सरदार! मात्र एकंदरींत विदित तेथें मागें राहिले, हेंही सांगितलें पाहिजे. त्याच वर्षीं बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्यें सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत ते होते.

शिक्षकाच्या दृष्टीनें आम्हांस या प्रक्षेपणांत एक मोठा गुण दिसतो. छापील डावांत खेळलेली चाल तेवढी कळते. घोडा न हलवितां उंटच कां हलविला, हें कळत नाहीं. येथें खेळाडू सोडून दिलेल्या चालीही बोलून दाखवितो. दोष एवढाच कीं, हे बहुतेक डाव तीन-पांच मिनिटांचे असतात, आणि खऱ्या स्पर्धेंत एका डावास चार-पांच तास बैठक मारावी लागते. ती बैठक पाहून येत नाहीं. दुसऱ्याच्या चाली पाहण्यांतच ज्या मुलाची संध्याकाळ जाते, त्याला पडदा बंद करून पटापुढें बसविणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

अध्यापनाचा मार्ग याहून निराळा व कमी झगमगीत. पुण्याचे श्री. अभिजित कुंटे २००० सालीं ग्रँडमास्टर झाले, पुढें प्रशिक्षणाकडे वळले. बुडापेस्ट येथें २०२४ सालीं सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाचे ते कर्णधार होते. असा कर्णधार स्वतः एकही प्यादें हलवीत नाहीं. कोणास खेळवावें व कोणास विश्रांति द्यावी, हें त्यानें ठरवावयाचें. त्याच संघांत नागपूरची दिव्या देशमुख होती, जिनें २०२५ सालीं बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला.