गोवर ओसरल्यावर

गोवराला आपल्या वस्त्यांत अजूनही कोणी मोठा रोग मानीत नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, पोराला अंधाऱ्या कोपऱ्यात निजवायचे आणि आठ-दहा दिवसांत पुरळ मावळले की संकट टळले असे समजायचे. वस्तुस्थिती निराळी आहे. पुरळ मावळल्यावर गोवराचे दुसरे पर्व सुरू होते.

रक्तातील काही पांढऱ्या पेशी पूर्वी येऊन गेलेल्या रोगजंतूंची ओळख जपून ठेवतात. गोवराचा विषाणू नेमका या पेशींत शिरून त्यांचा नाश करतो. नव्या पेशी तयार होतात. पण त्यांना ओळख असते ती मुख्यत्वे गोवराचीच. म्हणून गोवर सहसा पुन्हा होत नाही, परंतु इतर रोगांविरुद्ध कमावलेली शक्ती बऱ्याच अंशी पुसली जाते. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. गोवरानंतर त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिद्रव्ये नाहीशी झाली होती. लसीने अशी हानी होत नाही. हा दुबळेपणा दोन-तीन वर्षेही टिकू शकतो. क्वचित विषाणू मेंदूत दडून राहतो आणि सात-दहा वर्षांनी जीवघेणा मेंदूविकार होऊन उठतो.

प्रश्न असा की, हे नुकसान भरून कोठे निघते? जेथे पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि जवळ डॉक्टर आहे, तेथील मूल सावरते. जेथे नाला दारातून वाहतो, तेथे तेच मूल सहा महिन्यांनी हगवणीने जाते. दाखल्यावर अतिसार लिहिला जातो. गोवराचे नाव येत नाही. माणसांना नाल्याकाठी ढकलणाऱ्या व्यवस्थेचे तर नाहीच नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट श्रमिक वस्त्यांत गोवराची साथ पसरली, बालके दगावली. त्यांतील अनेकांना लस मिळालेली नव्हती. याचा दोष आईबापांच्या अज्ञानावर टाकणे सोपे आहे. मजुरीवर गेलेल्या आईपर्यंत लस का पोहोचली नाही, हे विचारणे गैरसोयीचे आहे.

गोवराची पहिली लस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत मिळते. गोवर झालाच तर डॉक्टरांकडून अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस द्याव्यात; पुढे दोन वर्षे त्या मुलाच्या खोकल्या-जुलाबाकडे दुर्लक्ष करू नये. आपल्या कार्यकर्त्यांजवळ जयंतीच्या वर्गणीची वही असते. तिच्याबरोबर वस्तीतल्या मुलांच्या लसीची वहीही असली पाहिजे.