पहारेकऱ्याचं गाव

व्हायरस सापडला की कॉम्प्युटरमधून डुक्कर किंचाळायचं. मान सुरीखाली आल्यासारखं. कॅस्परस्की अँटीव्हायरसच्या जुन्या आवृत्त्या ज्यांनी वापरल्या, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. ऑफिसात स्पीकर मोठा ठेवणाऱ्याची तर भरदुपारी शोभा व्हायची. पुढे मोठी, सुटाबुटातली गिऱ्हाइकं आली आणि डुकराचा आवाज गेला. पण या मॉस्कोच्या कंपनीचा मूळ स्वभाव त्या किंचाळीतच होता, असं मला वाटतं. सापडलं की ओरडायचं; कुणाची झोप मोडतेय ते बघत बसायचं नाही. तिचं नाव झालं ते या सवयीमुळे, आणि ती अडचणीत आली त्यातही या सवयीचा वाटा मोठा आहे.

येवगेनी कॅस्परस्की यांचा जन्म १९६५ चा, काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्क या बंदरातला. गणितात चमक दिसली म्हणून मॉस्को विद्यापीठाशी जोडलेल्या खास गणिताच्या शाळेत रवानगी झाली. तिथून पुढे केजीबीच्या उच्च विद्यालयाची तांत्रिक शाखा. १९८७ साली पदवी. विषय गुप्तलेखनाचा, म्हणजे सांकेतिक मजकूर बनवणं आणि फोडणं. सोव्हिएत काळात गणितात हुशार असलेल्या मुलाला सरकारी छपराबाहेर जागा ती कुठे मिळणार होती? तरीही त्यांच्या चरित्रातली ही एक ओळ पुढे तीस-पस्तीस वर्षं त्यांचा पिच्छा पुरवणार होती.

१९८९ साली ते संरक्षण खात्याच्या एका संशोधन संस्थेत काम करत असताना त्यांच्या मशीनला कॅस्केड नावाचा व्हायरस लागला. तो दिसायला मोठा गमतीदार होता. पडद्यावरची अक्षरं एकेक करून सुटायची, खाली घरंगळायची आणि तळाशी त्यांचा ढीग साचायचा. हा व्हायरस स्वतःचा बराचसा भाग सांकेतिक रूपात दडवून ठेवायचा. गुप्तलेखन शिकलेल्या माणसाला आणखी काय हवं? त्यांनी तो उलगडला, त्यावर उतारा लिहिला, आणि मग व्हायरस गोळा करण्याचा नादच लागला. १९९१ मध्ये त्यांनी लष्करी नोकरी सोडली आणि कामी नावाच्या खासगी कंपनीत अलेक्सेई दे-मोंदेरिक आणि वादिम बोग्दानोव्ह यांना सोबत घेऊन एव्हीपी हा अँटीव्हायरस उभा केला. सोव्हिएत संघ त्याच वर्षी मोडला. रुबल कोसळत होता आणि रशियात सॉफ्टवेअरला पैसे मोजायची कुणाला सवय नव्हती.

हे क्षेत्र तेव्हा एकांड्या शिलेदारांचं होतं. स्लोव्हाकियात दोन मित्र, फिनलंडमध्ये एक छोटा गट, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून पुढे आलेले काटकर बंधू. जो तो आपापल्या टेबलावर आलेला व्हायरस सोडवत होता. १९९४ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या चाचणीत एव्हीपीने बड्या पाश्चात्त्य कंपन्यांना मागे टाकलं आणि परदेशातून विचारणा सुरू झाली. पण विचारणेला उत्तर देणारं, करार करणारं, बिल लावणारं माणूस हवं होतं. ते काम येवगेनी यांच्या पत्नी नतालिया यांनी अंगावर घेतलं. जून १९९७ मध्ये स्वतंत्र कंपनी निघाली तेव्हा तिच्या प्रमुख नतालिया होत्या, आणि २००७ पर्यंत त्याच राहिल्या. १९९८ मध्ये दोघांचा संसार मोडला; धंदा मात्र एकत्रच चालला. कॅस्परस्कीबद्दल लिहिताना सगळे येवगेनी यांच्या रंगीत शर्टांवर आणि ज्वालामुखी बघायच्या हौसेवर शाई खर्च करतात. परवाने देऊन पैसे उभे करणाऱ्या या बाईंच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात.

त्या परवान्यांची गंमत अशी की, फिनलंडच्या एफ-सिक्युअर आणि जर्मनीच्या जी डेटा यांच्या उत्पादनांतही बरीच वर्षं कॅस्परस्कीचं इंजिन होतं. डब्यावर नाव युरोपचं, आतलं डोकं मॉस्कोचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. हे इंजिन फाईलच्या पोटात शिरण्यात पटाईत होतं. दाबून, गुंडाळून, एकात एक घालून ठेवलेल्या फाईली ते सोलून बघायचं. नव्या व्हायरसची माहितीही गिऱ्हाइकाकडे फार लवकर पोचायची.

अँटीव्हायरस म्हणजे सोसायटीचा पहारेकरी असं आपण समजतो, पण या पहारेकऱ्याकडे प्रत्येक खोलीची किल्ली असते, कपाटाचीसुद्धा. प्रत्येक फाईल उघडली जाताना तो आधी वाचतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मालकापेक्षाही वरच्या अधिकाराने तो बसलेला असतो. कंपनीकडून दिवसातून अनेकदा नवे हुकूम येतात आणि तो ते निमूट पाळतो. शिवाय एखादी अनोळखी फाईल संशयास्पद वाटली तर तिची प्रत तपासणीसाठी कंपनीकडे धाडतो. ही सोय बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या अँटीव्हायरसमध्ये असते. असे अधिकार नसतील तर पहारा होणारच नाही, आणि ते असतील तर पहारेकरी कुठल्या गावचा हे एक ना एक दिवस विचारलं जाणारच.

विचारलं जायची वेळ आली ती सरकारंच व्हायरस लिहू लागली तेव्हा. २०१० मध्ये बेलारूसच्या एका छोट्या कंपनीला स्टक्सनेट सापडला. इराणच्या नतान्झ इथली युरेनियमची सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवण्यासाठी तो बनवला होता. तो प्रथम हेरणारा सर्गेई उलासेन पुढे कॅस्परस्कीतच दाखल झाला. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने पश्चिम आशियातल्या एका गूढ प्रकरणाचा तपास कॅस्परस्कीकडे सोपवला, आणि त्यातून फ्लेम बाहेर आला. साधारण वीस मेगाबाइटचा हा अजस्र हेर मायक्रोफोन चालू करून खोलीतलं बोलणंही टिपायचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये तर कंपनीने मेक्सिकोतल्या कॅनकूनच्या परिषदेत इक्वेशन ग्रुप नाव देऊन एका टोळीची कुंडलीच मांडली. या टोळीला हार्ड डिस्कच्या आतलं मूळ सॉफ्टवेअरच बदलता येत होतं; मशीन फॉरमॅट करा, विंडोज नव्याने टाका, पाहुणा जागचा हलत नव्हता. कंपनीने कुठल्याही देशाचं नाव घेतलं नाही. पण ही अमेरिकेची गुप्तचर संस्था एनएसए, हे सभागृहातल्या सगळ्यांना कळलं होतं.

कंपनीने फक्त अमेरिकेचीच बिंगं फोडली असं मात्र नाही. रेड ऑक्टोबर आणि टुर्ला या रशियन बोलणाऱ्यांच्या हेरटोळ्यांवरही तिने सविस्तर अहवाल काढले. टीकाकार हे सोयीस्करपणे विसरतात.

इक्वेशन ग्रुपची कुंडली मांडल्यावर चारच महिन्यांनी, जून २०१५ मध्ये, कंपनीला जाहीर करावं लागलं की आपल्याच घरात कुणीतरी शिरून बसलं होतं. सुरुवात आशिया-प्रशांत भागातल्या एका छोट्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या मशीनपासून झाली होती. या घुसखोराला दुकू २.० असं नाव पडलं. तो डिस्कवर जवळजवळ काही ठेवत नव्हता, फक्त मेमरीत राहायचा. एक मशीन बंद करून चालू केलं की शेजारच्या मशीनवरून परत यायचा.

आता २०१४ च्या शेवटच्या महिन्यांत घडलेली गोष्ट. अमेरिकेतल्या एका घरी कॅस्परस्की बसवलेला कॉम्प्युटर होता. कंपनीच्या अहवालाप्रमाणे, त्याच्या मालकाला मायक्रोसॉफ्ट ऑफिस फुकटात हवं होतं. चोरीची किल्ली बनवणारा प्रोग्राम त्याने उतरवला, अँटीव्हायरस अडवेल म्हणून तो बंद केला आणि प्रोग्राम चालवला. त्यासोबत मशीनला मागचं दार पडलं. घाबरून त्याने अँटीव्हायरस परत सुरू केला आणि पुन्हा पुन्हा सगळी डिस्क तपासायला लावली. अँटीव्हायरसने चोख काम केलं. व्हायरस तर पकडलाच, पण एका दाबून ठेवलेल्या फाईलमध्ये इक्वेशन ग्रुपच्या हत्यारांसारखं काहीतरी दिसलं, म्हणून ती फाईलही मॉस्कोला पाठवून दिली. विश्लेषकाने उघडली तर आत एनएसएच्या हत्यारांची मूळ संहिता आणि गोपनीय शिक्क्याची कागदपत्रं. तो येवगेनी यांच्याकडे गेला, त्यांनी पुसून टाकायला सांगितलं, आणि ती पुसली गेली. हे झालं कंपनीचं म्हणणं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी छापलेली हकीकत वेगळी होती. कॅस्परस्कीच्या यंत्रणेत शिरलेल्या इस्रायली हेरांना तिथे रशियन सरकारी हॅकर दिसले. जगभरच्या मशीनवर बसलेला हा अँटीव्हायरस ते अमेरिकी गुपितं धुंडाळायला वापरत होते, आणि इस्रायलने ही खबर वॉशिंग्टनला दिली. म्हणजे एका देशाचे हेर दुसऱ्या देशाच्या हेरांना तिसऱ्या देशाची चोरी करताना बघत होते, आणि हे सगळं एका अँटीव्हायरस कंपनीच्या सर्व्हरवर! एनएसएचं काम घरी नेणाऱ्या एका कर्मचाऱ्याला २०१८ मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने आपला हात असल्याचा साफ इन्कार केला, आणि अमेरिकी सरकारने निर्णायक पुरावा आजवर लोकांसमोर ठेवलेला नाही.

बंदी या बातम्यांच्या आधीच आली होती. १३ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकी सरकारी खात्यांना हे सॉफ्टवेअर काढून टाकायचा हुकूम सुटला. कंपनी कोर्टात गेली आणि हरली. मग तिने आपली पाटी कोरी असल्याचं दाखवायचा खटाटोप मांडला. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचला केंद्र उघडलं, युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या संशयास्पद फाईली तिथल्या सर्व्हरवर हलवल्या, आणि सरकारांना व बड्या गिऱ्हाइकांना सांगितलं की या, आमचा कोड वाचा. माझ्या समजुतीप्रमाणे या धंद्यात तोवर इतकं कुणी केलं नव्हतं. पण शंका कोडबद्दल नव्हतीच. आज वाचलेला कोड संध्याकाळच्या अपडेटने बदलतो. आणि उद्या रशियन गुप्तचर खात्याने, तिथल्या कायद्याचा बडगा दाखवून, कंपनीला काही करायला सांगितलं तर ती नाही म्हणू शकेल का? याचं उत्तर झुरिचमध्ये बसून देता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर येवगेनी यांनी दोन्ही बाजूंना तडजोडीचं आवाहन करणारं गुळमुळीत निवेदन काढलं, तेव्हा त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर लोकांनी गृहीत धरलं. मार्चमध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा खात्याने हे सॉफ्टवेअर बदला असा जाहीर सल्ला दिला.

इतकं होऊनही कंपनीचं मूळ कौशल्य गेलं नव्हतं. २०२३ मध्ये स्वतःच्याच कार्यालयातल्या वायफायवरची हालचाल बघताना तिच्या लोकांना काही आयफोन विचित्र वागताना दिसले. नुसता एक अदृश्य संदेश यायचा, मालकाने कुठेही बोट लावायची गरज नव्हती, आणि फोन परक्याच्या ताब्यात. अशा डझनावारी कर्मचाऱ्यांच्या फोनवरून त्यांनी माग काढला. हल्ल्यात ॲपललाही माहीत नसलेल्या चार त्रुटी वापरल्या होत्या. एकीत तर चिपमधली अशी सोय होती की जिचा कुठल्या कागदावर उल्लेख नाही. ॲपलने या त्रुटी बुजवल्या. म्हणजे जगातल्या प्रत्येक आयफोनवाल्याचं या कंपनीने भलंच केलं.

वर्षभरात, २० जून २०२४ रोजी, अमेरिकेने खासगी ग्राहकांनाही हे सॉफ्टवेअर विकायला मनाई केली. २९ सप्टेंबरनंतर अपडेटही बंद होणार होते. कंपनीने अमेरिकेतला गाशा गुंडाळला आणि आपले तिथले ग्राहक अल्ट्राएव्ही नावाच्या अमेरिकी उत्पादनाकडे सोपवले. सप्टेंबरमध्ये तिथल्या कितीतरी लोकांनी मशीन सुरू केलं तर कॅस्परस्की गायब, आणि त्याच्या जागी कधी नाव न ऐकलेला दुसराच अँटीव्हायरस बसलेला. काहींनी तो काढून टाकला. मशीन पुन्हा सुरू केल्यावर तो परत हजर. पहाऱ्यात एक दिवसही खंड पडू नये म्हणून असं केलं, असा कंपनीचा खुलासा होता, आणि ईमेल आधी पाठवल्याचंही तिने सांगितलं. खुलासा खोटा मानायचं कारण नाही. पण मालकाला न विचारता दूरवरून त्याच्या मशीनमध्ये हवं ते घालता येतं, असं वॉशिंग्टनचे अधिकारी सात वर्षं घसा खरवडून सांगत होते, आणि त्याचं प्रात्यक्षिक कंपनीने जाता जाता स्वतःच दिलं.