पाडायचे, तर आधी पर्याय दाखवा!

१७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार मात्र जमवता आले नाही (तेवढे सोपे थोडेच असते!) आणि देशाला पुन्हा निवडणूक लागली.

जर्मनीत विरोधकांना नुसते पाडून मोकळे होता येत नाही. राज्यघटनेच्या कलम ६७ नुसार चान्सलरला हटवताना त्याच मतदानात उत्तराधिकारीही बहुमताने निवडावा लागतो. वायमार काळातल्या अस्थिर सरकारांनी शिकवलेला हा शहाणपणा. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्ध दोन मते कमी पडली. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले. स्पेनमध्ये २०१८ साली पेद्रो सांचेस याच वाटेने पंतप्रधान झाले.